छत्तिसाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात



एरवी आपण इथे वाचनाचे उपक्रम, गणिताच्या क्लृप्त्या, अध्ययन निष्पत्ती यांवर बोलतो. आज जरा वेगळ्या अभ्यासाबद्दल लिहिते. गेल्या दीड वर्षापासून मी स्वीडिश भाषा शिकते आहे. डीएड करून जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या अमरावतीच्या बाईला हे काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या शाळेतही वाटलं. "मॅडम, आंतरजिल्हा बदली भेटत नाही म्हून थेट स्वीडनले चालल्या काय?" असं एका सरांनी मधल्या सुट्टीत विचारलं आणि तेव्हापासून मी 'स्वीडनवाल्या मॅडम' झाले.

कारण घरातलंच आहे. माझा मोठा भाऊ अकोल्याहून पुण्याला आणि पुण्याहून स्वीडनला गेला. ज्या शहराला आपण गॉथेनबर्ग म्हणतो आणि तिथले लोक 'योतेबोरी' म्हणतात, तिथे तो आणि वहिनी नोकरी करतात. त्यांची मुलगी, माझी भाची, तिथेच जन्मली. आता सात वर्षांची आहे. तिला स्वीडिश उत्तम येतं, इंग्रजी बरं येतं आणि मराठी कळतं, पण तोंडातून निघत नाही. इकडे अकोल्याला माझी आई. तिला वऱ्हाडीशिवाय दुसरं काही येत नाही आणि इतक्या वर्षांत त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. फोनवर व्हिडिओ लागला की आजी-नात एकमेकींकडे पाहून हसतात, "जेवली काय?" "हो," एवढं होतं आणि मग कुणीतरी फोन दुसऱ्याच्या हातात देतं. नात मराठी शिकेल तेव्हा शिकेल, तोवर या बाजूचं कुणीतरी तिच्या भाषेचे चार शब्द शिकावेत, असं मला वाटलं. अमरावतीत या भाषेचा वर्ग कुठून असणार? मोबाइलवरचं एक ॲप, सोप्या स्वीडिशमध्ये निघणारं 'ओत्ता सीदुर' म्हणजे 'आठ पानं' नावाचं बातमीपत्र आणि रविवारी साडेतीन-साडेचार तासांचा फरक सांभाळून फोनवर येणारी सात वर्षांची बाई, अशा तीन गुरूंच्या हाताखाली मी शिकते.

पहिल्याच आठवड्यात नात्यांचा धडा आला आणि मी खूश झाले. इंग्रजीतल्या त्या एका 'आंटी'मध्ये आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या कोंबलेल्या असतात. स्वीडिशमध्ये तसं नाही. आईची आई ती 'मूरमूर', वडिलांची आई ती 'फारमूर'. आईची बहीण 'मूस्तेर', वडिलांची बहीण 'फास्तेर'. मामा वेगळा, काका वेगळा. म्हणजे मी भाचीची 'फास्तेर' आणि माझी आई तिची 'फारमूर'. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आईच्या आईले मुरमुर म्हंतात? मंग बापाच्या आईले फुटाणे म्हना लागते." तेव्हापासून आमच्या घरात फारमूरला फुटाणेच म्हणतात.

अक्षरं एकोणतीस. इंग्रजीची सव्वीस आणि शेवटी आणखी तीन, डोक्यावर गोल किंवा दोन टिंबं असलेली. आपल्याकडची मुलं जशी 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी म्हणतात, तशी तिथली मुलं ही तीन शेवटी म्हणतात. त्यातलं एक अक्षर एकटंच उभं राहिलं की त्याचा अर्थ नदी आणि दुसरं एकटं उभं राहिलं की बेट. एका अक्षराचा पूर्ण शब्द, हे पहिलीच्या बाईला किती आवडतं ते तुम्हाला सांगायला नको. आपलं 'ये', 'जा', 'खा' आठवलं.

व्याकरणात काही ठिकाणी आपल्याला सूट आहे. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. मी जातो, ती जाते, ते जातात, ही आपली भानगड तिकडे नाहीच, सगळ्यांना एकच रूप. पण ते क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागेवरून हलत नाही. 'आज' शब्दाने वाक्य सुरू केलं तर 'आज जाते मी शाळेत' असंच म्हणावं लागतं. आपल्या बोलण्यात असं म्हणतोच की आपण. नामांना लिंगं दोन, आणि कुठल्या नामाचं कुठलं याला धड नियम नाही. मराठीत तीन आहेत. 'तो दगड, ती वीट, ते घर' हे आपण वर्गात जसं शब्दासकट घोकून घेतो तसंच मी घोकते. एके काळी स्वीडिशमध्येही तीनच लिंगं होती म्हणे, पुढे दोन एकमेकांत मिसळली.

वारांची नावं मात्र प्रत्येक शिक्षकाने एकदा फळ्यावर लिहून पाहावीत. 'सोन्दाग' म्हणजे सूर्याचा दिवस, आपला रविवार. 'मोन्दाग' चंद्राचा, म्हणजे सोमवार. 'तिस्दाग' त्यांच्या जुन्या युद्धदेवाचा, आपल्याकडे त्या दिवशी मंगळ. गुरुवार मेघगर्जनेच्या थोर देवाचा. एवढ्या लांब राहूनही आठवड्याचा क्रम तोच. फक्त शनिवार निराळा. 'लोर्दाग' म्हणजे मुळात अंघोळीचा दिवस. तिथल्या थंडीत आठवड्यातून एकदा, म्हणून त्याला नावच पडलं असावं, हा माझा अंदाज.

आता खरी गंमत. शब्द आले म्हणजे भाषा आली असं होत नाही, कारण शब्द कधी वापरायचा आणि कधी नाही हे शब्दकोशात नसतं. मागच्या जूनमध्ये दादाची मंडळी सहा आठवडे अकोल्याला आली तेव्हा हे घरातच पाहायला मिळालं. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर भाची पाटावरून उठली, आजीकडे वळली आणि म्हणाली, "ताक." आई लगबगीने उठली. "ताक पायजे काय माय? थांब, आणतो." आणि पेलाभर ताक घेऊन आली. पोरीने ते गुपचूप प्यायलं आणि पेला ठेवताना पुन्हा म्हणाली, "ताक." दुसरा पेला आला. तिसऱ्याच्या आधी मी मध्ये पडले. 'ताक' म्हणजे त्यांच्याकडे आभार. जेवण झालं की मुलांनी 'ताक फोर मातेन', जेवणाबद्दल आभार, असं म्हणायचंच, ही तिथल्या घराघरातली शिस्त. आईला ते ऐकून जरा वाईट वाटलं. "घरच्या मानसाचे काय आभार मानतेत? पावनी हाय काय ते?" तिचंही खरं आहे. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, पण आईला उद्देशून कुणी म्हणत नाही.

खाऊचं तर विचारू नका. बुधवारी संध्याकाळी आजीने नातीच्या हातावर पेढा ठेवला. नातीने तो कागदात गुंडाळून फ्रिजवर ठेवून दिला. गुरुवारी बर्फी, तीही तिथेच. "माह्या हातचं पोरीले चालत नाही," म्हणून आई रुसून बसली. भानगड अशी की स्वीडनमध्ये बहुतेक घरांतली मुलं गोडखाऊ फक्त शनिवारी खातात. त्याला नावही आहे, 'लोर्दागस्गूदिस', म्हणजे शनिवारचा खाऊ. ही सवय आली कुठून ते मी शोधलं तेव्हा मात्र पोटात कालवलं. १९४० च्या दशकात लुंड गावाजवळ विपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना ठेवत. दात कशाने किडतात हे पाहायला त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या भरमसाट खायला घातल्या. त्यांचे दात गेले, आणि देशाला कळलं की गोड किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता हे महत्त्वाचं. म्हणून आठवड्यातून एकदाच खा, असा सल्ला निघाला. आईला मी यातलं अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे शनवारचा उपास, पन उलटा." शनिवारी नातीने फ्रिजवरचं सगळं भांडार काढून मांडी घालून खाल्लं, तेव्हा कुठे फारमूरचा रुसवा गेला.

आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्राच्या मागून, जूनअखेर सुरू होतात. त्यामुळे भाची आठ दिवस माझ्यासोबत शाळेत आली. पहिल्याच दिवशी तिने आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं, "तू इथे काय करतो?" वर्ग गप्प. सरांनी हसून उत्तर दिलं, "मी इथं खिचडीचे तांदूळ मोजतो." याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही लक्षात घेण्यासारखी आहेत. एक, स्वीडिशमध्ये आता सगळ्यांनाच 'तू'. पूर्वी तिथेही 'डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का' असं हुद्द्याने आडून बोलावं लागे. १९६७ साली ब्रूर रेक्सेद नावाचे गृहस्थ सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगून टाकलं की मी सगळ्यांना 'तू' म्हणणार, तुम्हीही मला म्हणा. वारं आधीपासूनच वाहत होतं, पण नाव त्यांचं झालं. आज मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारतात. दुसरं कारण जास्त विचार करायला लावणारं आहे. घरात आई-वडील मुलीशी बोलताना 'तू'च म्हणतात. तिला 'तुम्ही' ऐकायला मिळणार कुठून? आजोबांशी बोलणारे बाबा, शेजारच्या काकूंशी बोलणारी आई, दारावर आलेला भाजीवाला, हे सगळं आजूबाजूला असतं तेव्हा मूल 'तुम्ही' शिकतं. भाषेचा तेवढा भाग एकट्या घरात मावत नाही.

आमच्या दुसरीच्या पोरांना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी तिला दोन दिवसांत 'च'ची भाषा शिकवली. शाळेला 'चळाशा', पाण्याला 'चणीपा'. तिने बदल्यात तिच्या शाळेतली चोरांची भाषा शिकवली. आस्त्रिद लिंदग्रेन या लेखिकेच्या बालगुप्तहेर काले ब्लूमक्विस्तच्या पुस्तकांमुळे ती तिथल्या मुलांत पसरली. प्रत्येक व्यंजन दोनदा म्हणायचं आणि मध्ये 'ओ' घालायचा. मराठी बोलायला लाजणारी मुलगी 'च'च्या भाषेत धडाधड बोलत होती, कारण त्या भाषेत कुणाचंच बोलणं चांगलं नसतं, सगळेच नवशिके. मी हे पाहून ठेवलं आहे आणि या वर्षी वर्गात वापरते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

स्वीडनमध्ये शाळेत 'मूदर्समोल', म्हणजे मातृभाषा, हा विषय घेता येतो. ज्या मुलाच्या पालकाची भाषा स्वीडिश नाही त्याला त्याची भाषा शिकवायची, अशी व्यवस्था १९७७ पासून आहे. अटी आहेत. एका नगरपालिकेच्या हद्दीत निदान पाच मुलं हवीत, शिकवणारा योग्य माणूस मिळायला हवा, मुलाला ती भाषा थोडीफार यायला हवी. आणि मुख्य अट, घरात मुलाशी रोजचं बोलणं त्या भाषेत हवं. दादाने अर्ज उघडला आणि याच ओळीवर अडला. तुम्ही मुलीशी रोज कोणत्या भाषेत बोलता? तो आणि वहिनी आपसांत मराठी बोलतात. मुलीशी मात्र लहानपणापासून इंग्रजी, कारण 'तिला तीन भाषांचा भार नको'. ती उत्तर देते स्वीडिशमध्ये. अर्ज महिनाभर तसाच पडून राहिला. गंमत म्हणजे तिच्या शाळेतल्या बाईंनीच वहिनीला सांगितलं होतं, घरी तुमच्या भाषेत बोला, स्वीडिश आम्ही पाहून घेऊ.

पालकांनो, हे परदेशातलं दुखणं आहे असं समजू नका. अमरावतीत माझ्या शेजारी एक ताई राहतात. त्यांच्या मुलाच्या शाळेने पालकसभेत सांगितलं, 'घरी इंग्लिशच बोला.' ताईंचं इंग्रजी बेताचं. आता त्या मुलाशी 'कम', 'ईट', 'स्लीप' एवढंच बोलतात. जी बाई वऱ्हाडीत तासभर गोष्ट रंगवून सांगायची, ती पोटच्या पोराशी तीन शब्दांत बोलते.

आणि स्वीडन म्हणजे स्वर्ग असंही नाही. त्या देशाच्या उत्तरेला, फिनलंडच्या सीमेवर, तोर्नेदालेन नावाचं खोरं आहे. तिथल्या लोकांची बोली मेएंकिएली. या नावाचा अर्थच 'आमची भाषा'. तिथल्या मुलांना कितीतरी वर्षं शाळेत ती बोलायला मनाई होती. बोललं की शिक्षा. २००० साली त्याच भाषेला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषेचा दर्जा मिळाला, तोवर किती आज्या आपल्या नातवंडांशी स्वीडिशमध्ये बोलायला लागल्या असतील.

हे वाचताना मला धारणी आठवली. नोकरीची पहिली सहा वर्षं मी मेळघाटात होते. पहिलीच्या वर्गात सगळी कोरकू मुलं. त्यांच्याकडूनच आकडे शिकले होते, मिया, बारी, अफई, उफुन. खाण्याला 'जोम' म्हणतात हेही. पण एक गोष्ट मला स्वीडिश शिकायला लागल्यावर नीट कळली. स्वीडिशमध्ये आठाला 'ओत्ता', नवाला 'नीऊ', नावाला 'नाम्न', दाताला 'तान्द' म्हणतात. आपले आठ, नऊ, नाम, दंत. योगायोग नाही. मराठी आणि स्वीडिश एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, दूरच्या का होईना पण चुलत बहिणी. कोरकू मात्र मुंडा कुळातली. तिचं गोत संथाळी, मुंडारीशी. म्हणजे योतेबोरी मला जितकं परकं आहे त्याहून, माझ्याच जिल्ह्यातल्या धारणीच्या पोराला बालभारतीचं पुस्तक जास्त परकं. मी छत्तीस वर्षांची, डीएड झालेली, हातात मोबाइल, चूक झाली तर ॲप गोड आवाजात पुन्हा विचारतं. तो सहा वर्षांचा आणि समोर मी, खडू घेऊन.

भाची भरभर बोलते तेव्हा मी काय करते सांगू? तिच्या तीन वाक्यांतला एक शब्द पकडते आणि त्याला लटकून राहते. बाकी तिचा चेहरा वाचते. कळतं बरंच, बोलता काहीच येत नाही, आणि हे पाच-सहा महिने चाललं. या काळात कुणी मला 'उत्तर दे' म्हणून उभं केलं असतं तर मी ॲप काढून टाकलं असतं. म्हणून आता वर्गात वेगळ्या भाषेचं मूल आलं की पहिले काही महिने मी त्याच्याकडून तोंडी उत्तर मागत नाही. 'लाल खडू आण', 'मोठा दगड कोणता, दाखव', 'चित्रात कुत्रा काढ' अशी कामं देते. हात बोलतो. कायद्यातही, म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्यतो मुलाच्या मातृभाषेत शिकवा असंच म्हटलं आहे. 'शक्यतो' या शब्दात पुष्कळ काही मावतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावाजवळच्या वीटभट्टीवर मेळघाटातली कुटुंबं आली. त्यातली दोन मुलं माझ्या वर्गात बसायची. एकदा बिया मोजताना मी 'मिया, बारी' म्हटलं. मुलीने मान वर केली. 'उफुन'ला तिने तोंडावर हात ठेवला, मग हळूच बरोबर उच्चार करून दाखवला. तिच्याकडून आणखी एक कळलं. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, ऐकणारा धरून की सोडून. स्वीडिशमध्ये दोन्हीला एकच शब्द. कोरकूत मात्र आपल्यासारखा भेद आहेच, वर 'आपण दोघं' यासाठी आणखी वेगळा शब्द. म्हणजे या एका बाबतीत धारणी मला योतेबोरीपेक्षा जवळची. ती दोघं होळीला गावी गेली. कोरकूंची होळी मोठी. परत आली नाहीत. तिची वही माझ्या कपाटात आहे.

दादाच्या घरी आता एक नियम झाला आहे, रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर फक्त मराठी. पहिल्या आठवड्यात म्हणे टेबलावर शांतताच होती. आता भाची 'पोळी दे'वरून 'भाजी खारट झाली' इथवर आली आहे. शनिवारी, खाऊच्या दिवशी, आई तिला फोनवर गोष्ट सांगते, चांगली ठसक्यात वऱ्हाडीत. अडलं की मी मध्ये एखादा स्वीडिश शब्द टाकते. हल्ली तशी वेळ कमी येते. गोष्ट संपली की नात 'ताक' म्हणते आणि आई म्हणते, "हव, पी."

अर्ज गेल्या महिन्यात गेला. घरातली रोजची भाषा या रकान्यात दादाने 'मराठी' लिहिलं. वहिनीचं म्हणणं आहे, पोरगी परवा "मले नाही पायजे" म्हणाली, तेव्हा तिथे वऱ्हाडी लिहायला हवं होतं.